गॅलरीतला कान

कव्हरकाकूंच्या घरात उघडी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्यांचे यजमान. बाकी सगळ्याला कव्हर. फ्रिजला होतं, मिक्सरला होतं, गॅसच्या सिलिंडरला झालरीचं होतं, आणि ज्या शिलाई मशीनवर ही सगळी कव्हरं जन्माला येत त्या मशीनलाही काम संपलं की निळ्या रेक्झिनचं कव्हर चढे. यजमानांना पूर्ण उघडं म्हणणंही तसं बरोबर नाही. ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली सगळी नोकरी काढलेला तो माणूस घरी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून बसायचा. महामार्ग खिडकीखालूनच जात होता, त्याला कोण काय करणार!

कव्हरं शिवणं हा काकूंचा धंदा. रस्त्याची धूळ उडायची, घराघरांत शिरायची, आणि लोक काकूंकडे मापं घेऊन यायचे. म्हणजे पाहायला गेलं तर महामार्ग त्यांचा अन्नदाताच होता. पण अन्नदाता असला म्हणून तो दिवसरात्र उशाशी बसून गुरगुरावा असं कोणाला वाटेल?

त्या महामार्गाचे चार पदर होते, ते आठ करायचं ठरलं. जिन्यात नोटीस लागली. रुंदीकरणामुळे हवेवर, पाण्यावर, झाडांवर आणि माणसांच्या कानांवर काय परिणाम होईल याचा आढावा घेणार, कच्चा अहवाल करून तो लोकांपुढे ठेवणार, लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकणार, आणि मगच पक्का अहवाल करणार. नोटीस सगळ्यांनी पाहिली. वाचली एकट्या काकूंनी, तीही दोनदा, कारण चौकसपणा हा त्यांचा जुना आजार होता. डब्याचं झाकण दिसलं की आत काय आहे ते त्यांना पाहायचंच असे. नोटिशीच्या तळाशी लिहिलं होतं, की जिथे आवाज मर्यादेच्या वर भरेल तिथे रस्त्याच्या कडेला आवाज अडवणारी उंच भिंत बांधली जाईल. त्या एका वाक्यात काकूंचा जीव अडकला.

त्याचं कारण होतं बाळ. लेकीला मुलगा झाला, तो मान धरायला लागल्यावर ती त्याला घेऊन महिनाभर राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून निघाली. "बाळाला इथे झोपच लागत नाही गं आई," एवढंच म्हणाली, आणि म्हणताना दारातल्या चपलांकडे पाहत होती. खरंच लागत नव्हती. डोळा लागला म्हणेपर्यंत पोर दचकून उठायचं आणि असं रडायचं की काकूंच्या काळजाचं पाणी व्हायचं. लेक राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, बागेला लागून असलेल्या गल्लीत. तिथे पान पडलं तरी ऐकू यावं! तेव्हापासून नातू काकूंना फोनवरच भेटत होता. काकूंनी मनाशी हिशेब मांडून टाकला: भिंत होईल, मग बाळ येईल. एवढा सरळ हिशेब त्यांनी आयुष्यात कधी मांडला नव्हता.

म्हणून आवाजाच्या मोजणीसाठी कोणी आपली गॅलरी देईल का, अशी विचारणा झाली तेव्हा पहिला हात काकूंचा वर गेला.

यंत्र घेऊन एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, केस वर बांधलेले, बोलणं मोजकं. तिने गॅलरीत तिपाई उभी केली आणि वर एक काठी बसवली. काठीच्या टोकाला स्पंजचा काळा गोळा होता. काकू कमरेवर हात ठेवून पाहत होत्या.

"हाच का याचा कान?"

"हो काकू. आत माइक आहे."

"रात्रीही ऐकतं?"

"रात्रीही."

"ट्रक कुठला आणि बस कुठली, कळतं त्याला?"

"नाही. त्याला फक्त आवाज किती मोठा ते कळतं. पण फारच मोठा आवाज झाला तर तेवढा तुकडा ते साठवून ठेवतं. म्हणजे नंतर ऐकून आपल्याला कळतं, ट्रक होता की कुत्रं."

"अगं बाई! मग आमचं बोलणंसुद्धा?"

"मोठ्याने बोललात तरच. ते चालणार असेल तर इथे सही करा."

"आम्ही कुठे मोठ्याने बोलतो!" काकू म्हणाल्या, आणि कठड्यावर बसलेलं कबूतर उडून गेलं. मुलीने कबुतराकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं. काकूंनी सही ठोकली.

जाताना मुलगी म्हणाली, "आठवडाभर राहू दे. तुम्हाला काहीच करायचं नाहीये. रोजच्यासारखं राहायचं, बस."

आता कव्हरकाकूंना 'काहीच करायचं नाही' असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाहू नको म्हणण्यासारखंच. संध्याकाळपर्यंत त्यांनी दम धरला. मग बोट फिरवून पाहिलं तर तिपाईवर धुळीचा थर. एवढं महागाचं यंत्र, परक्याचं, आपल्या भरवशावर ठेवलेलं, आणि धूळ खात उभं! काळ्या गोळ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. त्याला टोपडं होतं म्हणा, पण किती पातळ, त्यातून धूळ आत जायला कितीसा वेळ लागणार?

काकूंनी टेप काढली. बाहेरून जाड कापड, मध्ये उशीत भरतात तो फोम, आतून मऊ अस्तर, खाली इलॅस्टिक, शिवणीला पायपिंग. काठीच्या टोकापासून तिपाईच्या गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर बसेल असं कव्हर त्यांनी एका बैठकीत शिवलं. चढवलं तेव्हा चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्यांना भरून आलं. मापात केसाइतकाही फरक नव्हता. यजमानांना बोलावून दाखवलं. यजमानांनी मान डोलावली. कापसामुळे त्यांना निम्मं कळायचं आणि उरलेल्या निम्म्यावर वाद घालू नये एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

सकाळ-संध्याकाळ काकू ते कव्हर काढायच्या, यंत्र फडक्याने पुसायच्या, घटकाभर मोकळी हवा लागू द्यायच्या आणि पुन्हा चढवायच्या. त्याच वेळेला त्या तिथेच स्टुलावर बसून लेकीला फोन करायच्या, कारण घरात फोनला रेंज फक्त गॅलरीच्या त्या कोपऱ्यात यायची. आठवडा संपला, मुलगी यंत्र न्यायला येणार असं कळलं, तेव्हा काकूंनी कव्हर काढून घडी घालून कपाटात ठेवलं. कोणी यायचं असलं की कव्हरं काढायची असतात, ही त्या घराची रीत होती. सोफा, टीव्ही, यंत्र, सगळं पाहुण्यापुढे उघडं आणि चकचकीत दिसायला हवं.

"किती स्वच्छ ठेवलंत!" मुलगी म्हणाली, आणि काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कच्चा अहवाल तयार झाला आणि शाळेच्या सभागृहात जनसुनावणी ठरली. भिंतीला लांबलचक नकाशे टांगले होते. व्यासपीठावर मोठे साहेब, त्यांच्या बाजूला लॅपटॉप घेऊन ती मुलगी, आणि समोर लोखंडी खुर्च्यांवर रस्त्याकडेचं सगळं गाव. काकू पहिल्या रांगेत, यजमान शेजारी. काकूंनी भिंतीचा विषय निघाल्यावर टाळ्या वाजवायच्या असं मनात ठरवून ठेवलं होतं.

साहेब एकेका ठिकाणाचा आकडा वाचू लागले. पेट्रोल पंपाजवळ मर्यादेच्या वर, भिंत. दवाखान्याजवळ वर, भिंत. वळणावरच्या चाळीजवळ वर, भिंत. मग काकूंच्या इमारतीची पाळी आली. साहेब म्हणाले, "इथे आवाज मर्यादेच्या बराच खाली आहे. सध्या भिंतीची गरज दिसत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग इमारतीखालचा पंक्चरवाला उठला. "साहेब, तिथे मी हवा भरतो. टायर फुटलं तर मला आवाजाने कळत नाही, हाताने कळतं. आणि तुम्ही म्हणता आवाज नाही?"

"यंत्र खोटं बोलत नाही," साहेब शांतपणे म्हणाले आणि पान उलटलं. "एक नोंद मात्र वेगळी आहे. या ठिकाणचा सर्वांत मोठा आवाज, जो बऱ्याचदा नोंदला गेला आहे, तो वाहनाचा नाही. तो..." साहेबांनी चष्मा वर केला. "तो मानवी आहे."

क्षणभर कोणाला उमजलं नाही. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काकू." आणि सगळं सभागृह हसत सुटलं. पंक्चरवाला तर खुर्ची धरून हसत होता. दोन रांगा मागून एक बाई मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "काकू, महामार्गावर मात केलीत हो! पण आमची भिंत गेली त्याचं काय?"

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. लाज वाटली ती वाटलीच, पण त्याहून वाईट म्हणजे भिंत गेली. भिंत गेली म्हणजे बाळ गेलं. आता ते चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि आजी म्हणजे फोनमधून येणारं काहीतरी असतं एवढंच त्याला ठाऊक राहील. काकूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण गंमत अशी, की त्या पाण्यातूनसुद्धा त्यांचा जुना आजार वर आला. रोज कानठळ्या बसतात आणि यंत्र म्हणतं आवाज नाही, हे कसं? आणि सगळ्यात मोठा आवाज माणसाचा, म्हणजे नेमका कोणाचा, कधीचा, काय म्हणतानाचा?

त्या उभ्या राहिल्या. "मला ते ऐकायचंय."

साहेब गोंधळले. "काय?"

"यंत्राने जे तुकडे ठेवलेत ना, ते. माझ्या गॅलरीतले आहेत. मला ऐकू द्या."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "ऐकवायला हवेत सर. कच्च्या अहवालामागचं सगळं लोकांना पाहता येतं, आपल्याच नोटिशीत लिहिलंय." आणि मग जरा ओशाळून म्हणाली, "खरं तर आपणही पूर्ण ऐकलेले नाहीत. इतक्या ठिकाणांचे तुकडे, क्षणभर ऐकून आवाज कसला तेवढं लिहिलं, बाकी आकडेच पाहिले फक्त."

चहाची सुटी झाली. लोक कपांच्या मागे गेले. कोपऱ्यातल्या बाकावर मुलीने लॅपटॉप उघडला, त्याला दोन हेडफोन जोडले, एक काकूंच्या कानावर बसवला, एक स्वतःच्या. पडद्यावर एक रेघ सरपटत होती, बरीचशी सपाट, मध्येच उंच सुळके.

"हा पहिला सुळका. लावू?"

काकूंनी कानात प्राण आणले.

आधी रस्ता आला, अगदी ओळखीचा. ट्रकची घरघर, हॉर्न, कुठल्याशा ट्रेलरचा खडखडाट. आणि मग त्या सगळ्याच्या डोक्यावर पाय देऊन एका बाईचा आवाज आला: "अगं ऐकतेस का! बाळ काय करतंय?"

काकू दचकल्या. कोण ही बाई? केवढ्याने ओरडते! आग लागली की काय हिच्या घराला?

पलीकडून फोनच्या स्पीकरमधून बारीक आवाज आला. तो मात्र काकूंनी लगेच ओळखला, कारण तो त्यांच्या पोटच्या पोरीचा होता. "आई, हळू. आत्ताच झोपलाय."

"काय म्हणतेस? झोपलाय?"

"आई, हळू ना गं..."

"झोपू दे, झोपू दे! चांगलं पांघरूण घाल!"

आणि मग स्पीकरमधून रडणं आलं. दचकून उठलेल्या लहान बाळाचं रडणं. ती बाई म्हणत होती, "बघ, उठला ना! काय बाई या पोराची झोप!"

काकूंनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. लेकीकडे तर बाग होती. तिथे ट्रक नव्हता, हॉर्न नव्हता, ट्रेलर नव्हता. तिथे फक्त फोन होता, आणि फोनमध्ये ही बाई होती. लेकीने दोनदा 'हळू' म्हटलेलं त्यांना आत्ता अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. गॅलरीत बसून रोज बोलताना ते एकदाही आलं नव्हतं. मुक्कामाच्या त्या दोन रात्रीही त्यांना आठवल्या. बाळाचा डोळा लागला की त्या दारातून आनंदाने विचारायच्या, झोपला का गं? आणि ते उठायचं.

"काकू, हे ऐकलंत?" मुलगी एकदम पुढे सरकली. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "फोन संपल्यावर बघा. हे काहीतरी सळसळलं, आणि... रस्ता कुठे गेला? कोणीतरी दार लावल्यासारखा गेला! आणि रेघ बघा कशी आडवी झाली. असं होऊच शकत नाही. रस्ता कुठे गेला?"

काकूंनी नाक पुसलं. "कव्हरात गेला."

"कशात?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. फोम सांगितला, अस्तर सांगितलं, इलॅस्टिक सांगितलं. मुलीचं तोंड हळूहळू उघडत गेलं. शेवटी तिने कपाळाला हात लावला आणि इतका वेळ गंभीर असलेली ती पोर खुदकन हसली. "काकू, तुम्ही त्याच्या कानात बोळा घातलात!"

"आमच्याकडे पद्धतच आहे ती," काकू म्हणाल्या आणि चहा पीत उभ्या असलेल्या यजमानांकडे त्यांची नजर गेली. दोन्ही कानांत पांढरे शुभ्र बोळे. इतकी वर्षं त्या समजत होत्या की ते महामार्गासाठी आहेत.

सुटी संपल्यावर काकूंनी माइक मागितला. साहेबांनी तो देताना हात जरा लांबच धरला. काकूंनी झालं ते सगळ्यांपुढे सांगून टाकलं, करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि शेवटी म्हणाल्या, "माझी हरकत लिहून घ्या. हरकत माझ्याच कव्हरावर आहे. यंत्र पुन्हा बसवा. भिंत माझ्या एकटीची नाही, सगळ्या इमारतीची आहे." लोक पुन्हा हसले, पण आता दोन रांगा मागची ती बाईही हसली. साहेबांनी फेरमोजणी मान्य केली. मुलीने सोबत आणलेल्या यंत्राच्या पेटीवर तिथल्या तिथे मार्करने लिहिलं: 'यावर कव्हर घालू नये.'

पुढच्या आठवड्यात यंत्र पुन्हा गॅलरीत उभं राहिलं, यावेळी उघडं. धूळ बसत होती. काकूंचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते हात मांडीखाली दाबून ठेवले. आकडा काय यायचा तो येवो, भिंत उठायची ती उठो. ते पुढच्या सुनावणीत कळणार होतं. त्यांना आता दुसरंच कुतूहल लागून राहिलं होतं, आणि ते भिंतीपर्यंत थांबणार नव्हतं.

संध्याकाळी त्या स्टुलावर बसल्या आणि फोन लावला. खाली ट्रकची रांग लागली होती.

"बाळ झोपलं का गं?" काकू म्हणाल्या. अगदी हळू, ग्रंथालयात बोलतात तसं.

"आई? ऐकू येत नाहीये. जरा मोठ्याने बोल ना."

"नको. उठेल तो."

एक ट्रक गेला, मागून दुसरा गेला. काकूंना वाटलं फोन कटला.

"आई," लेक म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"यंत्राने. तू का नाही सांगितलंस?"

"सांगून पाहिलं गं. तुला ऐकू गेलं नाही. आणि त्याहून जास्त सांगितलं असतं तर तुला लागलं असतं."

"लागलंच," काकू म्हणाल्या. मग खालच्या रस्त्याकडे पाहून म्हणाल्या, "भिंत व्हायला अजून पुष्कळ वेळ आहे. झाली तर."

"भिंतीसाठी कशाला थांबायचं? शनिवारी येऊ? महिनाभर?"

काकूंनी तोंड उघडलं. सगळ्या महामार्गाला ऐकू जाईल अशी आरोळी घशापर्यंत आली होती. त्यांनी तोंडावर हात दाबला. समोर यंत्राचा काळा गोळा टक लावून ऐकत होता. "ये," त्या हाताआडून म्हणाल्या. एवढंच जमलं.

फोन ठेवून त्या आत गेल्या. यजमान वर्तमानपत्र वाचत होते. काकू त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि उजव्या कानातला बोळा दोन बोटांनी हळूच काढला. यजमान घाबरून वळले. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

काकूंनी दुसराही बोळा काढला, दोन्ही आपल्या मुठीत घेतले, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "शनिवारी बाळ येतंय."

"काय?" यजमान म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांना फक्त ते पुन्हा तसंच ऐकायचं होतं.